ऱ्हुमॅटॉलॉजी शिकताना: कोणते ग्रंथ घ्यावेत आणि कोणत्या संकेतस्थळांवर विसंबावे

एमडी मेडिसिन करणारे निवासी डॉक्टर, डीएम किंवा डीएनबीच्या प्रवेशाची तयारी करणारे विद्यार्थी आणि सांधेदुखीचे रुग्ण रोज तपासणारे फॅमिली डॉक्टर, अशा तिघांना समोर ठेवून, ऱ्हुमॅटॉलॉजी म्हणजे सांधे व संयोजी ऊतींच्या आजारांचे शास्त्र शिकण्यासाठी हा लेख लिहिला आहे. तिघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी सुरुवात बहुधा एकाच पद्धतीने होते. कोणीतरी ज्येष्ठ एका दोन खंडांच्या ग्रंथाचे नाव सांगतात, तो हप्त्याने किंवा सवलतीत घेतला जातो, पहिली चाळीस-पन्नास पाने वाचून होतात आणि पुढे तो कपाटात राहतो. ग्रंथ चांगलाच असतो. मात्र ओपीडीत समोर आलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तो लिहिलेला नसतो, आणि ज्यासाठी लिहिलेला असतो ते वाचण्याची वेळ अजून आलेली नसते.

आधी प्रश्न, मग पुस्तक

म्हणून खरेदीपूर्वी एक काम करावे. दोन-तीन आठवडे ओपीडीत किंवा वॉर्डात सांध्यांच्या रुग्णांबाबत जे जे प्रश्न पडतील ते एका वहीत लिहावेत आणि नंतर त्यांचे चार गट पाडावेत: आजार असा का वागतो, निदान काय असेल, कोणते औषध निवडावे, आणि निवडलेल्या औषधाची मात्रा व सुरक्षितता काय. पहिल्या गटासाठी मोठा ग्रंथ लागतो, दुसऱ्यासाठी हँडबुक आणि चित्रसंग्रह, तिसऱ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे गाइडलाइन्स, आणि चौथ्यासाठी सतत अद्ययावत होणारा औषधकोश. फॅमिली डॉक्टरांच्या वहीत बहुतेक प्रश्न दुसऱ्या व चौथ्या गटात पडतात. त्यांनी मोठ्या ग्रंथावर पैसे खर्च करण्याचे काहीच कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले पुस्तक

हॅरिसन आणि एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन ही दोन पुस्तके बहुतेकांकडे असतातच. त्यांतील सांधे व संयोजी ऊतींच्या आजारांचा विभाग नीट वाचून झाल्याशिवाय नवे पुस्तक घेऊ नये. तो वाचून झाल्यावर घेण्याजोगे पहिले स्वतंत्र पुस्तक म्हणजे ऑक्सफर्ड हँडबुक ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी. त्याची चौथी आवृत्ती २०१८ ची आहे. ते खिशात मावते, आणि नुसत्या आजारांच्या यादीऐवजी रुग्णाच्या तक्रारीपासून निदानाकडे कसे जावे हे त्यात सांगितले आहे. नवख्या वाचकाला नेमके हेच हवे असते. परीक्षा आणि तोंडी परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातील ऱ्हुमॅटॉलॉजी सीक्रेट्स हे पुस्तक अधिक उपयोगी पडते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आणि फॅमिली डॉक्टरांना एबीसी ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी पुरेसे ठरावे. भारतीय संदर्भासाठी इंडियन ऱ्हुमॅटॉलॉजी असोसिएशनचे मॅन्युअल ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी जवळ असावे.

मोठ्या ग्रंथांत दोन नावे वारंवार कानावर येतात. फायरस्टीन अँड केली हा ग्रंथ पूर्वी केली या एकाच नावाने ओळखला जाई आणि त्याची पहिली आवृत्ती १९८१ ची. प्रतिकारशक्तीचे जीवशास्त्र, सायटोकाइन (प्रतिकारपेशींचे संदेश देणारी प्रथिने), पेशींमधील संदेशवहन यांवर त्याचा भर आहे. हॉकबर्ग यांच्या संपादनाखालील ऱ्हुमॅटॉलॉजी या ग्रंथाची आठवी आवृत्ती २०२२ ची आहे. त्याची मांडणी तुलनेने चित्रमय आहे आणि रुग्णाकडे पाहणाऱ्याला तो लवकर जवळचा वाटतो. डीएमला प्रवेश मिळाला तर यांपैकी एक घ्यावा. तोपर्यंत दोन्ही ग्रंथ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचावेत, आणि वाचताना एकाच आजाराचे प्रकरण दोन्हींत उघडून पाहावे. कोणाची लेखनपद्धत आपल्याला मानवते, हे अर्ध्या तासात कळते. ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणारा आजार, यासाठी ड्युबॉइस किंवा बालसंधिवातासाठी पेटी व सहकाऱ्यांचा ग्रंथ ही पुढची पायरी आहे, आणि ती विशिष्ट क्लिनिकमध्ये काम सुरू झाल्यावरच चढावी.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा

मुखपृष्ठावरचे वर्ष पाहून भागत नाही, कारण मोठ्या ग्रंथाचे प्रकरण लिहिले जाते आणि छापून येते यांत बराच काळ जातो, शिवाय जुना मजकूर नव्या आवृत्तीत तसाच राहिलेलाही आढळतो. त्यासाठी तीन छोट्या कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी ल्यूपस आणि आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) यांत दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या मात्रेची. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने २०११ मध्ये आदर्श वजनानुसार दर किलोमागे रोज ६.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली होती. २०१६ मध्ये ती बदलून प्रत्यक्ष वजनानुसार दर किलोमागे जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम करण्यात आली. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. आपल्याकडे ४५ किलो वजनाची स्त्री ओपीडीत रोज भेटते, तिच्या बाबतीत हिशेब करून पाहावा. नव्या मर्यादेनुसार तिला रोज २२५ मिलिग्रॅमच्या आत राहावे लागते, म्हणजे २०० ची एक गोळी. सवयीने लिहिल्या जाणाऱ्या ४०० मिलिग्रॅमने ती दर किलोमागे जवळपास ९ मिलिग्रॅमवर पोहोचते, आणि वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले तर दृष्टिपटलाला इजा होण्याचा धोका वाढतो. ज्या पुस्तकात अजून ६.५ हाच आकडा असेल, त्यातील कोणतीही मात्रा पडताळल्याशिवाय वापरू नये. औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षात डोळ्यांची प्राथमिक तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, तर मूत्रपिंडाचा आजार असल्यास ही वार्षिक तपासणी त्याआधीच, हेही तेथे नमूद आहे का ते पाहावे.

दुसरी कसोटी आमवातावरील टोफासिटिनिब या गोळीची. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या ओरल सर्व्हेलन्स या चाचणीत, टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणाऱ्या औषधांच्या तुलनेत टोफासिटिनिब घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना आणि कर्करोग अधिक आढळले. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये इशारा कडक केला आणि तो याच वर्गातील बॅरिसिटिनिब व उपाडासिटिनिब यांनाही लावला. चाचणीचा संपूर्ण अहवाल जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साहजिकच २०२० च्या सुमारास आलेल्या कोणत्याही ग्रंथात हे असणार नाही. त्यात लेखकांचा काहीच दोष नाही, पण वाचकाला ते माहीत असले पाहिजे. भारतात या औषधाच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त झाल्यापासून ते लिहिण्याचे प्रमाण वाढले आहे, म्हणून येथे सावधगिरी अधिक हवी.

तिसरी कसोटी म्हणजे विषयसूची. शेवटची पाने उघडून चिकुनगुन्या, क्षयरोग, कुष्ठरोग आणि ब्रुसेलोसिस हे चार शब्द शोधावेत आणि प्रत्येकाला किती जागा दिली आहे ते पाहावे. २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेले रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही, परंतु पाश्चात्त्य ग्रंथ या दुखण्याला बरेचदा परिच्छेदभर जागा देऊन पुढे जातात. कुष्ठरोगाची सुरुवात सांध्यांच्या सुजेने होऊ शकते. बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेले प्रतिकारशक्ती रोखणारे औषध देण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी आपल्याकडे अपरिहार्य आहे. या चार शब्दांवर तोकडा ठरणारा ग्रंथ टाकून देऊ नये, फक्त त्याच्या जोडीला भारतीय साहित्य ठेवावे.

जुन्या पुस्तकांबद्दल एक सूचना. प्रायमर ऑन द ऱ्हुमॅटिक डिसीजेस या सुंदर पुस्तकाची तेरावी आवृत्ती २००८ ची आहे. ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात स्वस्तात मिळाली तर लक्षणे, तपासणी आणि विकृतिशास्त्र यांसाठी अवश्य घ्यावी आणि उपचारांचा भाग सरळ सोडून द्यावा. संधिवाताच्या बोटांची ठेवण वीस वर्षांत बदललेली नाही, उपचार मात्र पुष्कळच बदलले आहेत.

गाइडलाइन्स कशा निवडाव्यात आणि वाचाव्यात

औषध निवडण्याच्या प्रश्नासाठी ग्रंथाऐवजी थेट गाइडलाइनकडे जावे. दोन संस्था मुख्य आहेत: अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी, म्हणजे एसीआर, आणि युरोपातील संघटनांची युलर. दोघींचे दस्तऐवज त्यांच्या संकेतस्थळांवरून विनामूल्य वाचता येतात. एसीआरची गाउटवरील (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवरील) गाइडलाइन २०२० ची आणि आमवातावरील २०२१ ची आहे, तर युलरच्या आमवातावरील शिफारशींची सुधारित आवृत्ती २०२२ ची आणि ल्यूपसवरील २०२३ ची आहे.

दोन्ही का वाचाव्यात, याचे चांगले उदाहरण स्टेरॉइडचे आहे. आमवाताचे निदान झाल्यावर मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध सुरू करताना, त्याचा परिणाम दिसेपर्यंतच्या काळात अल्पमुदतीचे स्टेरॉइड द्यावे का? युलर म्हणते, देण्याचा विचार करावा, मात्र लवकरात लवकर कमी करून बंद करावे. एसीआर म्हणते, शक्यतो न देता सुरुवात करावी, पण ही शिफारस सशर्त आहे आणि काही रुग्णांना लक्षणे सुसह्य होण्यासाठी ते लागेल हेही ती मान्य करते. पुरावा बहुतांशी तोच आहे. एकीने लवकर मिळणाऱ्या आरामाला वजन दिले आणि दुसरीने सुरू झालेले स्टेरॉइड प्रत्यक्षात बंद होत नाही या अनुभवाला. चुलीपुढून उठता न येणारी, घरचे सगळे करणारी रुग्ण समोर असते तेव्हा पहिला विचार पटतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय तीच गोळी वर्षभर नेणारा रुग्ण आठवला की दुसरा पटतो. म्हणून गाइडलाइन वाचताना ठळक अक्षरांतील शिफारशींची यादी पाहून थांबू नये. प्रत्येक शिफारस ठाम आहे की सशर्त, आणि तिच्यामागचा पुरावा कोणत्या दर्जाचा आहे, हे तिथेच दिलेले असते. नवखे वाचक नेमके तेवढेच वगळतात.

वर्गीकरणाच्या निकषांबाबतही असाच गोंधळ होतो. आमवाताचे २०१० चे निकष दहापैकी सहा गुण मागतात. ल्यूपसचे २०१९ चे निकष एएनए ही रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी किमान १:८० असल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत आणि त्यानंतर दहा गुण मागतात. हे निकष मुळात संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून तयार केले आहेत. चिकुनगुन्यानंतर सुजलेल्या हातांचा रुग्ण २०१० च्या निकषांत बसू शकतो, आणि तरीही त्याला आमवात नसतो. ज्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये हे निकष निदानाची चाचणी म्हणून दिलेले असतील, ते सरळ काढून टाकावे.

विनामूल्य डिजिटल साधने

पबमेड हे वैद्यकीय लेखांचे शोधस्थळ सर्वांना माहीत असते, पण ते चालवणाऱ्या संस्थेचेच बुकशेल्फ हे दालन फारसे कोणी उघडत नाही. त्यात स्टॅटपर्ल्सचे संक्षिप्त लेख आहेत, यकृतावरील परिणामांसाठी लिव्हरटॉक्स आहे आणि स्तनपानातील औषधांसाठी लॅक्टमेड आहे. शेवटचे साधन आपल्या कामात फारच मोलाचे आहे. ल्यूपस असलेली बाळंतीण विचारते, "डॉक्टर, बाळाला अंगावर पाजते आहे, ही गोळी चालू ठेवू का?" तेव्हा कंपनीच्या पत्रकातील मोघम वाक्य वाचून औषध बंद करण्याची घाई होते. लॅक्टमेडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शोधावे. दुधात ते किती उतरते याची मोजमापे आणि त्यावरचा निष्कर्ष दोन मिनिटांत वाचून होतो, आणि औषध चालू ठेवता येते हे कळते. प्रजननाच्या काळातील औषधांवर एसीआरची २०२० ची स्वतंत्र गाइडलाइनही आहे. मेथोट्रेक्सेटसाठी उत्तर वेगळे येईल, म्हणून एका औषधावरून दुसऱ्याचा अंदाज करू नये.

पबमेडवर शोधताना वाक्य टाइप करू नये. दोन-तीन नेमके शब्द घ्यावेत, उदाहरणार्थ चिकुनगुन्या, आर्थ्रायटिस आणि इंडिया. मग डावीकडील गाळण्यांतून आधी रिव्ह्यू आणि मग फ्री फुल टेक्स्ट निवडावे. लेख उघडल्यावर तो मागे घेतल्याची सूचना वर दिसते का, तेही पाहावे. २०२० मध्ये कोविड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील लॅन्सेटमधील गाजलेला लेख काही दिवसांतच मागे घेतला गेला होता, आणि त्याची कात्रणे व्हॉट्सॲपवर पुढे बराच काळ फिरत राहिली.

भारतीय साहित्यासाठी इंडियन जर्नल ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी नियमित चाळावे. आपल्या भागातील आजारांचे प्रमाण जाणून घ्यायचे असेल तर पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये भिगवण येथे सुरू केलेल्या कॉपकॉर्ड पाहणीचे लेख वाचावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातील या उपक्रमात घरोघरी जाऊन दुखण्यांची नोंद केली गेली. तेथील प्रौढांत आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले, आणि त्याहून कितीतरी अधिक लोक साध्या मऊ ऊतींच्या व कंबर-गुडघ्याच्या दुखण्यांनी त्रस्त होते. आमवाताच्या तपासण्या सरसकट लिहिण्यापूर्वी हा लेख वाचला तर बरेच पैसे वाचतील, रुग्णाचेही.

खुल्या नियतकालिकांत आरएमडी ओपन आणि आर्थ्रायटिस रिसर्च अँड थेरपी ही दोन चांगली आहेत. सशुल्क नियतकालिकांसाठी आधी आपल्या ग्रंथपालांना भेटावे. केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून, तीत तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधन संस्थांना खुली झाली आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असाल तर लॉगिन कसे मिळते ते विचारून घ्यावे. खासगी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना आणि गावात प्रॅक्टिस करणाऱ्यांना हा मार्ग नाही, ही उणीव आहेच. त्यांनी पबमेड सेंट्रल या विनामूल्य लेखसंग्रहात शोधावे, आणि तेथेही लेख नसेल तर लेखकाला थेट ईमेल पाठवावा. प्रत बहुतेक वेळा मिळते.

अपटुडेटसारख्या उपचारांची माहिती देणाऱ्या सशुल्क सेवेची वर्गणी एकट्याने भरण्यापूर्वी विभागाची किंवा रुग्णालयाची वर्गणी आहे का ते पाहावे. ही सेवा चांगली आहे, परंतु तिच्यावर पूर्ण विसंबल्यास मूळ पुरावा वाचण्याची सवय लागत नाही. पायरेटेड पीडीएफबद्दल कायद्याखेरीज एक व्यवहारी हरकत आहे. ती बहुधा जुन्या आवृत्तीची असते, स्कॅन करताना मात्रांच्या तक्त्यातील दशांशचिन्ह पुसट होते, आणि मेथोट्रेक्सेटसारखे आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध रोज घेतले गेले तर जीवावर बेतते. चॅटबॉटने दिलेला संदर्भ पबमेडवर सापडला नाही तर तो अस्तित्वातच नाही असे धरावे.

चित्रे, तपासणी आणि गणकयंत्रे

सांध्यांची तपासणी पुस्तकातून येत नाही. गाल्स या संक्षिप्त तपासणीचे आणि मुलांसाठीच्या पीगाल्सचे व्हिडिओ उपलब्ध आहेत. ते पाहून त्याच दिवशी चार रुग्णांवर करून पाहावेत. एसीआरचा चित्रसंग्रह उत्तम आहे. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रंथांतील पुरळांची छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीवरची असतात. ल्यूपसचा गालांवरचा लालसर चट्टा सावळ्या चेहऱ्यावर तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळवंडलेला दिसतो आणि वांग समजून मलम दिले जाते. न्यूझीलंडच्या डर्मनेट या विनामूल्य संकेतस्थळावर गडद त्वचेवरील चित्रेही आहेत, म्हणून दोन्ही शेजारी उघडून पाहावीत.

आमवाताची तीव्रता मोजणाऱ्या डीएएस २८ च्या गणकयंत्रांत एक फसवी जागा आहे. सीआरपी ही रक्तातील दाहाची चाचणी वापरणाऱ्या सूत्रात आकडा मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये लागतो, आणि आपल्या काही प्रयोगशाळा तो प्रतिडेसिलिटरमध्ये देतात. २४ ऐवजी २.४ भरले तर गुणांक सुमारे ०.७ ने घसरतो. म्हणजे ३.६ असलेला रुग्ण २.९ वर येतो, आणि ३.२ ही कमी तीव्रतेची मर्यादा असल्याने औषध वाढवण्याऐवजी "छान चालले आहे" म्हणून घरी जातो. एककाची विचारणा न करणारे ॲप वापरू नये. जेथे प्रयोगशाळेचा अहवाल त्याच दिवशी मिळत नाही तेथे सीडीएआय हा तीव्रतेचा दुसरा गुणांक अधिक सोयीचा. त्यात दुखरे सांधे, सुजलेले सांधे आणि रुग्ण व डॉक्टर यांनी दहापैकी दिलेले गुण यांची बेरीज करायची असते, आणि ती २.८ किंवा त्याखाली असेल तर आजार शांत आहे असे धरतात. त्यासाठी मोबाइलही लागत नाही.

यादी ताजी ठेवणे

एवढे झाल्यावर पबमेडच्या माय एनसीबीआय या सोयीवर विनामूल्य खाते उघडून तीन-चार शोध जतन करावेत आणि त्यांचा ईमेल महिन्यातून एकदा येईल असे ठरवावे. रोजचा ईमेल कोणी वाचत नाही. युलरची परिषद जूनमध्ये आणि एसीआरची ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. नव्या शिफारशींची चाहूल या परिषदांत लागते, परंतु तेथे सादर झालेला सारांश पूर्ण लेख म्हणून प्रसिद्ध होईपर्यंत त्यावरून औषध बदलू नये. हँडबुकच्या पहिल्या पानावर पेन्सिलने आमवात, गाउट, ल्यूपस आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मात्रा या चारांपुढे सध्याच्या गाइडलाइनचे वर्ष लिहून ठेवावे आणि नवी आली की खोडून बदलावे.